क्रूझचं भाडं वेगळं, क्रूझचा खर्च वेगळा

परभणीत बसून जहाजाचं तिकीट काढणारी मंडळी आता बरीच वाढलीत. कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालेली असतात, कुणी नुकतंच रिटायर झालेलं असतं. आमच्या बुकिंग ऑफिसात आल्यावर पहिला प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: "जाहिरातीत तर एवढेच लिहिलेत, तुम्ही जास्त कसे सांगता?"

जाहिरातीतला आकडा एका माणसाच्या नुसत्या भाड्याचा असतो, तोही एका खोलीत दोघं राहणार असं धरून. त्यावर बंदराचं शुल्क, जीएसटी आणि बऱ्याच कंपन्यांत जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप, चढते. म्हणून आमच्याकडे या किंवा दुसरीकडे जा, विचारायचं एवढंच: "सगळं धरून दोघांचे किती?" आणि उत्तर कागदावर घ्यायचं.

खोली कोणती घ्यावी

सगळ्यात स्वस्त ती इंटिरियर, म्हणजे बिनखिडकीची. मग खिडकीवाली, मग बाल्कनी, मग सूट, म्हणजे सगळ्यात मोठी खोली. बाल्कनी विकली तर आमचं कमिशन वाढतं, तरी सांगतो: मुंबई-गोव्यासारख्या दोन-तीन रात्रींच्या फेरीला इंटिरियर पुरते. जेवण, कार्यक्रम, डेकवरचा वारा सगळ्यांना सारखाच. खोलीत माणूस झोपायलाच जातो. त्यात खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची खोली हलते कमी. ज्यांना एसटीच्या घाटातही मळमळतं, त्यांनी तीच मागावी.

लेकरं सोबत असतील तर एकाच खोलीत तिसऱ्या-चौथ्याचं भाडं कमी लागतं, पण बंदर शुल्क आणि कर माणशी लागतातच. एकट्यानं जाणाऱ्याला बहुतेक वेळा जवळपास दोघांचे पैसे पडतात. त्यापेक्षा मित्राला तयार करा.

दिवाळी, नाताळ आणि उन्हाळी सुट्टी सोडून, शनिवार-रविवार टाळून निघालात तर त्याच खोलीच्या दरात बराच फरक दिसेल. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा मुंबईहून फेरीची आशा धरू नका.

मुंबईपर्यंतचं गणित

हे आपल्याकडच्या माणसाला जास्त लागू. देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर झोपून गेलात की सकाळी सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझचा धक्का, टॅक्सीनं जवळच आहे. जहाजात चढवणं साधारण दुपारी सुरू होतं, त्यामुळे गाडी थोडी लेट झाली तरी निभतं. तपोवन एक्सप्रेस दिवसा निघून रात्री पोचवते, म्हणजे लॉजचं भाडं अंगावर. जहाज मात्र कुणासाठी थांबत नाही. धुक्याचे दिवस असतील किंवा गाडीची लक्षणं बरी दिसत नसतील, तर आदल्या दिवशीच निघा. लॉजचे पैसे तेव्हा वाचवू नका.

धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच संपवा, घरचं जेवण जहाजावर सहसा नेऊ देत नाहीत. इस्त्री, किटली आणि पाणी तापवायचा रॉडही घरीच राहू द्या. आगीच्या भीतीनं ते गेटवरच काढून घेतात.

जहाजावर पैसे कुठे जातात

मुख्य डायनिंगमधलं जेवण भाड्यातच असतं. वेगळी रेस्टॉरंटं, दारू, थंड पेयं, स्पा, फोटोग्राफरनं काढलेले फोटो, वायफाय यांचे पैसे वेगळे. तिथं रोकड चालत नाही. खोलीचं कार्डच दाखवायचं, म्हणून हात सैल सुटतो. रोज रात्री रिसेप्शनवर हिशेब बघून घ्या. शेवटच्या सकाळी रांगेत भांडण्यापेक्षा ते बरं.

मोबाइलचा खर्च मात्र विसरू नका. किनारा मागे पडला की फोन जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला जोडला जातो आणि त्याचे दर फार असतात. आमच्या पहिल्याच ग्रुपमधल्या एका गुरुजींनी नातवाला व्हिडिओ पाठवला, गावी आल्यावर बिल बघून आमच्या ऑफिसात येऊन बसले. आम्ही आधी सांगितलंच नव्हतं, चूक आमची. आता प्रत्येकाचा फोन जहाजात चढताना आम्ही स्वतः फ्लाइट मोडवर टाकायला लावतो.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागतं. पणजी तिथून सुमारे 30 किलोमीटर. कंपनीच्या सहलीपेक्षा चौघांत टॅक्सी केली तर स्वस्त पडते. फक्त वेळ सांभाळा. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी नाही.

सिंगापूरची क्रूझ करणाऱ्यांसाठी

नांदेड, देगलूर, उदगीरकडच्यांनी मुंबईच्या आधी हैदराबादचे विमान दर बघा. जहाज सिंगापूरहून निघून तिथंच परत येतं, म्हणजे सिंगापूरमध्ये दोनदा प्रवेश. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते तपासा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकतानाच आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो. तो खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा झालेला कर आहे. रिटर्न भरताना दाखवलात तर वळता होतो किंवा परत मिळतो. कित्येक जण टीसीएसची पावती ड्रॉवरमध्येच विसरतात. आमच्याकडून घेतलेली हरवली असेल तर दुसरी काढून देतो.

गर्भवती सुनेला न्यायचं असेल तर बुकिंगच्या आधी सांगा. साधारण 24 आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या चढूच देत नाहीत, आणि ऐनवेळी रद्द केलं तर पैसे परत येणं अवघड.

दुसऱ्या एजंटाचं कोटेशन असेल तर तेही घेऊन या. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवून कशात काय धरलंय ते बघू. त्यांचं खरंच स्वस्त निघालं तर चहा पिऊन तिकडे जा.