व्हिटॅमिन ई, सूज आणि कॅन्सर: आमच्या तेलाबद्दल काय खरं, काय नाही

निपाणी-चिकोडीकडचं गिऱ्हाईक घाण्यावर करडईचं तेल घेताना हल्ली हमखास विचारतं, "यात व्हिटॅमिन ई असतंय म्हणे, मग कॅन्सर होत नाही म्हणे?" पहिलं खरं आहे. दुसरं सिद्ध झालेलं नाही, आणि तसं सांगून तेल विकणं कायद्यातही बसत नाही.

मोठा चमचाभर करडई तेलात साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन ई असतं, सूर्यफुलाच्या तेलात साडेपाच, शेंगतेलात दोन. अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाची रोजची गरज १५ मिलिग्रॅम. शेंगाचटणी, बदाम, पालेभाजी यांतूनही ते मिळतं, त्यामुळे तेलाची धार वाढवायचं कारण नाही. (तोटा आमचाच, पण असो.)

आपल्या पेशींच्या पडद्यात चरबी असते. विडी-सिगारेटचा धूर किंवा अंगात मुरलेली सूज यांतून फ्री रॅडिकल, म्हणजे शेजारच्या कणांना बिघडवणारे अस्थिर कण, तयार होतात आणि ही चरबी नासवतात. एक कण नासला की शेजारचाही नासतो. व्हिटॅमिन ई चरबीत विरघळणारं, म्हणून तिथंच बसून ही साखळी तोडतं. त्यात ते स्वतः खर्ची पडतं, आणि व्हिटॅमिन सी त्याला पुन्हा कामाला लावतं. शेंगतेल आणि तीळतेल यांत गॅमा नावाचा व्हिटॅमिन ईचा आणखी एक प्रकार असतो. सूज वाढवणारी काही रसायनं त्यानं कमी होतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय.

माणसांवर मात्र गणित असं सरळ सुटलं नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांवर विडीकाडीवाल्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला: रोज ५० मिलिग्रॅम व्हिटॅमिन ई घेऊनही फुफ्फुसाचा कॅन्सर कमी झाला नाही. प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) मात्र कमी दिसला, म्हणून आशा वाढली. मग अमेरिका-कॅनडात ३५ हजार पुरुषांची चाचणी घेतली, काहींना रोज ४०० युनिटची गोळी देऊन. २०११ साली कळलं, गोळी घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्तच! सुमारे ४० हजार बायकांच्या चाचणीतही कॅन्सर कमी झाला नव्हता.

म्हणून मेडिकलमधली ४०० ची कॅप्सूल मनानं सुरू करू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. कॅन्सरचे उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि तंबाखूच्या पेठेत राहून सांगणं अवघड असलं तरी सांगतो: तोंडातली तंबाखू सुटली तर जे होईल, ते कुठल्याच तेलानं होणार नाही.

उजेड, हवा आणि उष्णता यांनी व्हिटॅमिन ई कमी होतं. तेल महिन्यापुरतंच न्या, स्टीलच्या डब्यात झाकून चुलीपासून लांब ठेवा. घाण्याच्या करडई तेलाचा धूर लवकर निघतो, त्यात भजी तळू नका. फोडणीला किंवा चटणीवर कच्चं घ्या. तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. तळाशी बसलेला गाळ नैसर्गिक आहे, पण खवट वास आला तर डबा परत आणा, बदलून देऊ.