विहिरीच्या ढिगाऱ्यातली गारगोटी

वाशीम जिल्ह्यात मामांच्या वावरात विहीर खोदली, तेव्हा काठावर दगडांचा मोठा ढीग पडला होता. सुरुंगानं फुटलेला काळा पाषाण आणि त्यातच भोकाभोकांचा, तांबूस झाक असलेला दगड. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्यातला नारळाएवढा एक गोटा मामांनी माझ्या हातात दिला. "घे, पोट्ट्यायले खेळाले घेऊन जाय." आकाराच्या मानानं तो हलका लागला. आत पोकळ होता.

फुटक्या बाजूनं उन्हात धरून पाहिलं. पोकळीच्या भिंतीला हिरवट लेप, त्यावर निळसर-राखाडी पट्टा, मग खडीसाखरेसारखी चमकणारी टोकं. आणि त्या टोकांवर मधोमध आवळून बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारखे दोन फिकट गुलाबी स्फटिक.

अशी गारगोटी वाचायची तर कोण कोणाच्या अंगावर बसलंय ते बघायचं. खालचं आधीचं, वरचं नंतरचं. इथं आधी सेलाडोनाइट (तो हिरवट लेप), मग कॅल्सिडोनी (निळसर पट्टा), मग क्वार्ट्झ (चमकणारी टोकं) आणि सगळ्यात शेवटी स्टिल्बाइट (गुलाबी पेंढ्या).

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हातल्या वायूचे बुडबुडे वर सरकले आणि थराचा माथा थिजला तसे तिथेच अडकले. हाच तो मांजऱ्या. पुढं भेगांतून झिरपणाऱ्या गरम पाण्यानं बेसॉल्टमधलं, म्हणजे या काळ्या पाषाणातलं, सिलिका, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम विरघळवून या पोकळ्यांत आणून सोडलं. पाषाणातही स्फटिकच असतात, पण दाटीवाटीत त्यांना आकार धरता येत नाही. पोकळीत मोकळी जागा मिळते, म्हणून तिथं टोकं आणि पैलू उमटतात.

स्टिल्बाइट हे झिओलाइट कुळातलं. १७५६ साली स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रॉनस्टेट यांनी असा दगड तापवला, तर तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून ग्रीक शब्दांवरून नाव ठेवलं, 'उकळणारा दगड'. या स्फटिकांच्या आत अतिसूक्ष्म वाटा असतात आणि त्यांत पाणी धरलेलं असतं. कारखान्यात बनवलेले झिओलाइट आज कपड्यांच्या पावडरीत आणि दवाखान्यातल्या ऑक्सिजन यंत्रात वापरतात. मला याचं फार अप्रूप वाटतं.

गारगोटी सापडली तर ॲसिडनं धुऊ नका, आत कॅल्साइट नावाचं खनिज असेल तर ते विरघळून जाईल. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. सुयांसारखे नाजूक स्फटिक असतील तर ब्रशही लावू नका. दगड शोधायचे ते ढिगाऱ्यातच, आणि मालकाला विचारून. अर्धवट खोदलेल्या विहिरीत उतरू नये.

आणि चिठ्ठी लिहा. कुठं सापडली हेच माहीत नसेल, तर गारगोटी नुसती शोभेची उरते. मी मामांना विचारलं, हा गोटा किती खोलीवर लागला? ते क्षणभर थांबले. "पस्तीस फुटाच्या खाली. थ्याच थरात पाणी लागलं होतं."

तेवढंच चिठ्ठीवर लिहिलं आणि गोट्याखाली ठेवलं.