साखर सोडताय? मग गुळाचा चहा पण मोजा

नाशकात सकाळी गोल्फ क्लबवर चालायला गेलं की "मी साखर टोटल बंद केलीये" असं सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच, आणि चार राउंड झाले की तोच ग्रुप गुळाच्या चहाच्या टपरीवर उभा असतो. मला या लोकांचं मनापासून कौतुक वाटतं, कारण आपल्याकडे कुणाच्याही घरी गेलं की आधी चहा पुढे येतो आणि त्याला नाही म्हणणं म्हणजे घरच्या बाईला नाराज करणं. पण एवढा निग्रह करताय तर त्याचा फायदा पुरता पदरात पडायला हवा ना? म्हणून साखर पोटात गेल्यावर पुढे काय होतं ते आधी बघू.

आपल्या डब्यातली पांढरी साखर म्हणजे सुक्रोज, त्यात एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज एकमेकांना जोडलेले असतात. लहान आतड्यात सुक्रेज नावाचं एन्झाइम ही जोडी तोडतं आणि तिथून दोघांचे रस्ते वेगळे होतात. ग्लुकोज रक्तात जातं, इन्शुलिनच्या मदतीनं पेशींत शिरतं, मेंदू, स्नायू, सगळेच ते वापरतात. फ्रुक्टोजचा काही भाग आतड्यातच निपटतो पण बराचसा लिव्हरकडे जातो, आणि लिव्हर त्याचं काहीतरी करतंच, काही जाळतं, काहीचं ग्लुकोज बनवतं. भानगड होते ती रोज आणि एकदम भरपूर आलं की. लिव्हरचा ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या ग्लुकोजचा, साठा आधीच भरलेला असतो, मग ते उरलेल्याची चरबी बनवायला घेतं. त्यातली काही ट्रायग्लिसराइड्सच्या रूपात रक्तात उतरते, काही तिथेच साचते. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाच्या सोनोग्राफीत "फॅटी लिव्हर" लिहून येतं आणि घरचे चक्रावतात, त्यामागे हे एक कारण असू शकतं. एकमेव नाही हं, वाढलेलं वजन, दिवसभर बसून काम, घरातली डायबेटिसची हिस्ट्री हे सगळं त्यात येतं.

यावरचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात रॉबर्ट लस्टिग आणि त्यांच्या टीमनं वजन खूप वाढलेल्या चाळीसेक मुलांच्या खाण्यातली वरची साखर ९ दिवस बरीचशी काढून टाकली आणि तिच्या जागी तेवढ्याच कॅलरीचे स्टार्चवाले पदार्थ दिले, म्हणजे पोटभर खाणं तेच, मुलांनी बारीक व्हायचं नाही अशी अटच होती. २०१६ आणि २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. नवव्या दिवसापर्यंत लिव्हरमधली चरबी कमी झालेली, ट्रायग्लिसराइड्स खाली आलेले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता ही त्यातली कमतरता आहेच, पण तरी ९ दिवसांत एवढा फरक पडतो हे बघून मला लिव्हरबद्दल आशा वाटते.

आता बरेच जण विचारतात की साखर पूर्ण सोडली तर अशक्तपणा येईल का, मेंदूला ग्लुकोज कुठून मिळणार? मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं हे खरं, पण ते भाकरी, भात, डाळ, बटाटा यातल्या स्टार्चमधून आरामात मिळतं, आणि रात्री आपण झोपलेलो असतो तेव्हा लिव्हर स्वतःच्या साठ्यातून पुरवत राहतं. वरून घातलेल्या साखरेची शरीराला गरज शून्य आहे.

मग मोजायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं की रोजच्या एकूण कॅलरीपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी कॅलरी "फ्री शुगर"मधून याव्यात, ५ टक्क्यांच्या खाली आल्या तर आणखी चांगलं. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. चहाच्या कपात दोन चमचे साखर असली की ८ ते १० ग्रॅम, तीन कप झाले की संपला कोटा, बिस्किटं आणि सॉस अजून धरलेच नाहीत. आणि या फ्री शुगरमध्ये पांढऱ्या साखरेबरोबर गूळ, मध, काकवी, फळांचा ज्यूस सगळं येतं. गूळ म्हणजे उसाचा रस आटवलेला, त्यात मुख्यतः सुक्रोजच असतं. थोडं लोह, थोडी खनिजं असतात, पण चहात पडणाऱ्या गुळातून मिळणारं लोह अगदीच किरकोळ. चव आवडते म्हणून गूळ खा, बिनधास्त खा, फक्त तो हिशोबात धरा. आतड्यातलं सुक्रेज गुळातलं सुक्रोज पण तसंच तोडतं.

द्राक्षाचं काय, हा प्रश्न नाशिककराला पडणारच. निफाड, दिंडोरीच्या बागेत माल काढायच्या आधी मण्यातल्या रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून ब्रिक्स बघतात. ब्रिक्स १८ आला म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम विरघळलेले पदार्थ, त्यात बहुतेक साखर, आणि ती पण जवळपास निम्मी ग्लुकोज निम्मी फ्रुक्टोज. नुसत्या केमिस्ट्रीनं बघितलं तर डब्यातल्या साखरेची सख्खी बहीण! तरी आरोग्य संघटना अख्ख्या फळातली साखर फ्री शुगरमध्ये धरत नाही. कारण फळात ती पेशींच्या आत, भरपूर पाण्याबरोबर असते, चावून खायला वेळ लागतो, पोट भरल्याची जाणीव होते आणि एका बैठकीत माणूस खाऊन खाऊन किती खाणार. २०१३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या दीड लाखाहून जास्त लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासली, त्यात अख्खी द्राक्षं, सफरचंद, ब्लूबेरी खाणाऱ्यांमध्ये टाइप टू डायबेटिसचा धोका कमी दिसला आणि फळांचा ज्यूस जास्त पिणाऱ्यांमध्ये वाढलेला दिसला. असल्या अभ्यासातून कारण पक्कं सिद्ध होत नाही, पण ज्यूस आणि फळ एकच समजू नये एवढं नक्की कळतं. तेव्हा सीझनमध्ये वाटीभर द्राक्षं खा, डायबेटिस असेल तर थोडी कमी, जेवणानंतर लगेच नको. बेदाण्यात पाणी उडून गेलेलं असतं म्हणून ते मूठभर तोंडात टाकताना जरा हात आवरा. आणि उन्हाळ्यात रसवंतीतला मोठा ग्लास म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास साखर दोन मिनिटांत पोटात, हे माहीत असू द्या. मला सर्वांत जास्त फरक पडेल असं वाटतं ते पिण्यातली साखर बंद केल्यावर, कारण पातळ साखरेनं पोट भरत नाही, जेवण आहे तेवढंच जातं. महिन्यातून एकदा बुधा हलवाईची जिलबी खाल्ली तर त्यानं काही बिघडत नाही, रोजचा गोड चहा बिघडवतो.

सोडल्यावर दोन-तीन दिवस डोकं दुखतं अशी तक्रार खूप येते आणि लोक म्हणतात बघा साखरेचं व्यसन. पण नीट विचारलं तर कळतं की बिनसाखरेचा चहा जात नाही म्हणून त्यांनी चहाच सोडलेला असतो. कॅफिन अचानक बंद झालं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं आणि ते काही दिवस टिकू शकतं. अशांनी चहा चालू ठेवावा, साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करावी. जीभ सरावते, चव आणि वासावर संशोधन करणाऱ्या फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटरच्या २०१६ च्या एका अभ्यासात तीन महिने साखर कमी खाल्लेल्या लोकांना तेच गोड पुडिंग जास्त गोड लागायला लागलं. चहात साखरेऐवजी शुगर-फ्री गोळ्या टाकून ही पायरी चुकवू नका, वजन कमी करायला असले स्वीटनर वापरू नयेत असं आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलंय.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगतो. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी डायबेटिसची गोळी चालू असेल तर साखर एकदम बंद करायच्या आधी डॉक्टरांशी बोला, डोस तोच राहिला आणि खाणं घटलं तर शुगर खाली जाते, घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्ध पण पडू शकतो. तेव्हा माणूस शुद्धीवर असतानाच तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, "आमचे बाबा साखर खात नाहीत" म्हणत थांबायचं नाही. तसंच जुलाबाचं. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकाच दारातून बरोबर आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं, म्हणून ओआरएसमध्ये साखर लागतेच. पाकीट मिळत नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचाच चमचा घ्यायचा, आणि घोट घोट पाजत राहायचं.