ट्रान्समीटर घेण्याआधी घरातले रिसीव्हर मोजा

रिमोटच्या विमानासाठी ट्रान्समीटर (हातात धरायचा रिमोट) बघताना नवखा माणूस आधी चॅनेल मोजतो, म्हणजे विमानातल्या किती गोष्टी वेगवेगळ्या हलवता येतात ते. 16 म्हटलं की खूश! साध्या विमानाला चार पुरतात: एलेरॉन (डावी-उजवीकडे कलवायला), एलिव्हेटर (नाक वर-खाली करायला), थ्रॉटल (मोटरचा वेग), रडर (नाक डावी-उजवीकडे वळवायला). विचारायचं ते वेगळंच. याच्या डोक्यात काय शिजतंय ते आपल्याला बदलता येतं का, आणि हा विमानाशी बोलतो कोणत्या भाषेत?

डोकं म्हणजे फर्मवेअर, ट्रान्समीटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर. ओपनटीएक्समधून 2021 साली एजटीएक्स फुटून निघालं. दोन्ही ओपन सोर्स, म्हणजे त्यांचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो. आज घ्यायचं तर एजटीएक्सवालाच घ्यावा. त्याची खरी मजा मिक्समध्ये आहे, म्हणजे कोणत्या स्टिकचा किती हिस्सा कोणत्या चॅनेलला जायचा ते ठरवण्यात. बिनशेपटीच्या फ्लाइंग विंगला सर्व्हो (पंखाची पाती हलवणाऱ्या छोट्या मोटर) दोनच. पहिल्या चॅनेलला एलिव्हेटर 50 टक्के अधिक एलेरॉन 50 टक्के द्यायचे, दुसऱ्याला एलिव्हेटर 50 आणि एलेरॉन उणे 50. स्टिक मागे ओढली की दोन्ही पाती वर, बाजूला सारली की एक वर, एक खाली. एखादं पातं उलटं हललं तर मिक्सशी खेळत बसू नका, आउटपुटच्या पानावर त्या सर्व्होची दिशा फिरवा. (यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.)

भाषा म्हणजे रेडिओ लिंक. एक्सप्रेसएलआरएस ही ओपन सोर्स लिंक प्रामुख्याने लोरा तंत्र वापरते. त्यात लहरीची वारंवारता शिट्टी चढत जावी तशी सरकत जाते, म्हणून गोंगाटातही ती ओळखू येते. शिट्टी जितकी लांब, तितकी ओळख पक्की. पण मग सेकंदाला संदेश कमी जातात. 2.4 गिगाहर्ट्झवर 500 ऐवजी 50 संदेशांचा दर ठेवला तर साधारण दहापट क्षीण लहरही पकडता येते, म्हणजे मोकळ्या आकाशात पल्ला जवळपास तिप्पट. रेसिंग ड्रोनला 500 हवेत. संथ ग्लायडरला कशाला?

पण जुनी, वेगवेगळ्या कंपन्यांची विमानं घरात पडून असतील तर फोर-इन-वन मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल आत असलेला ट्रान्समीटर घ्या. त्यातल्या चार रेडिओ चिप मिळून बऱ्याच जुन्या रिसीव्हरांशी (विमानात बसवलेल्या, संदेश झेलणाऱ्या तुकड्यांशी) बोलतात. मागे मॉड्यूलची खाच असेल तर दुसरी भाषा पुढे केव्हाही जोडता येते.

रंगीत पडद्याला भुलू नका, स्टिक हॉल सेन्सरची आहे का ते बघा. स्टिकची जागा मोजणाऱ्या साध्या पोटेन्शिओमीटरमध्ये पट्टीवर घासून झीज होते. हॉल सेन्सर चुंबकाची हालचाल न शिवता टिपतो.

आणि फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटला की मोटर आपोआप थांबवणारी सोय. फर्मवेअर कितीही मोकळं असो, ही तपासणी आपणच करायची. प्रोपेलर काढा, विमान घट्ट धरा, थ्रॉटल थोडा वर न्या आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली नाही, तर त्या दिवशी उड्डाण नाही.