'पहिली रायफल .३७५च घे' : एका सल्ल्यामागची शंभर वर्षे

आफ्रिकेत केप बफेलो किंवा हत्तीच्या शिकारीला पहिल्यांदाच निघालेल्या माणसाने 'रायफल कोणती घेऊ?' असे विचारले, की जाणते शिकारी बहुधा एकच आकडा सांगतात : .३७५ एच अँड एच, म्हणजे लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडचे काडतूस. आकडा गोळीच्या व्यासाचा आहे, इंचात; म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर. दुकानात याहून कितीतरी दांडग्या रायफली मिळतात. हत्तीसमोर उभे राहायचे असताना त्या सोडून ही मधली का घ्यायची, हा प्रश्न नवख्याच्या मनात येतोच. त्याचे उत्तर शोधायला बंदुकीच्या काळ्या दारूच्या काळापर्यंत मागे जावे लागते, आणि वाटेत एक मोठा मुक्काम हिंदुस्थानातही पडतो.

काळी दारू ठराविक मर्यादेपलीकडे गोळीला वेग देऊ शकत नव्हती. त्यामुळे मोठ्या जनावरासाठी मार वाढवायचा तर गोळीच जड करायची, एवढा एकच मार्ग उरे. तेव्हाचे माप बोअरचे. एक पौंड शिशातून नळीत बसतील अशा किती गोळ्या निघतात, तो बोअरचा आकडा. आपल्याकडे खेड्यापाड्यांत माहीत असलेली बारा बोअर म्हणजे पौंडाला बारा गोळ्या. आफ्रिकेत हत्तीसाठी वापरत ती चार बोअर : एकेक गोळी पाव पौंडाची, सुमारे ११३ ग्रॅमची. सॅम्युएल बेकर या इंग्रज शिकारी-प्रवाशाने १८४०मध्ये ब्रिस्टलच्या गिब्जकडून करवून घेतलेली रायफल साडेनऊ किलोंची होती. पुढे नाईलच्या उगमाच्या शोधात त्याने अर्धा पौंडी स्फोटक गोळा फेकणारी एक बंदूक बरोबर नेली आणि तिला 'बेबी' असे लाडाचे नाव ठेवले. बार उडाला की ती आपल्याला वाऱ्याच्या कोंबड्यासारखी गर्रकन फिरवते, असे त्याने लिहून ठेवले आहे. तो स्वतः धिप्पाड होता, तरी ती झाडायला कचरत असे.

याची खरी किंमत कळते फ्रेडरिक सेलूसच्या अनुभवातून. सप्टेंबर १८७१मध्ये एकोणीस वर्षांचा हा इंग्रज मुलगा दक्षिण आफ्रिकेत उतरला. चांगली ब्रीचलोडर, म्हणजे मागून भरायची, रायफल प्रवासात चोरीला गेली, म्हणून त्याने बर्मिंगहॅमच्या हॉलिसने बनवलेल्या चार बोअरच्या, ठासणीच्या, साध्या बदकमार बंदुका घेतल्या. एका बाराला दारू सुमारे ३५ ग्रॅम. त्या बंदुकांनी त्याने तीन वर्षांत ७८ हत्ती मारले. एकदा बार फुसका गेला, नोकराने त्यावरच दुसरा ठासला आणि दोन्ही एकदम उडाले. सेलूस जमिनीवरून उचलला गेला आणि वाळूत तोंडावर आपटला. असे प्रसंग घडतात आणि माणूस सावरतो. पण त्या बंदुकांच्या धक्क्यांनी माझ्या मज्जातंतूंवर कायमचा परिणाम झाला आणि पुढे आयुष्यभर माझा नेम बिघडला, हे त्याने स्वतः कबूल केले आहे. एवढा कसलेला माणूस हे सांगतो. पहिली रायफल निवडणाऱ्याने काडतुसांच्या ताकदीचे कोष्टक उघडण्याआधी सेलूसची ही कबुली वाचावी, असे मला मनापासून वाटते.

१८८९मध्ये ब्रिटनमध्ये कॉर्डाइट आले. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडे व्हॅसलिन यांचे हे बिनधुराचे स्फोटक शेवयांसारख्या लांब काड्यांच्या रूपात असे. १८९८मध्ये लंडनच्या रिग्बीने त्यावर चालणारे .४५० नायट्रो एक्सप्रेस काडतूस बाजारात आणले. गोळी जेमतेम ३१ ग्रॅमची, म्हणजे चार बोअरच्या गोळीच्या पाव हिश्शाहून थोडी जास्त. पण वेग सेकंदाला सुमारे ६५५ मीटर आणि बाहेरून कठीण धातूचे कवच. हत्तीच्या कवटीतले जाळीदार हाड फोडून ती मेंदूपर्यंत पोचत असे. पाच किलोंच्या आसपासची दुनळी रायफल, दोन बार हाताशी, समोर धुराचा पडदा नाही. काही वर्षांतच चार आणि आठ बोअरच्या बंदुका भिंतीवर गेल्या.

आणि इथे हिंदुस्थान आला. ब्रिटिश फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल याच .४५० मापाची होती आणि तशा रायफली बंडखोर टोळ्यांच्या हाती पडलेल्या होत्या. शिकाऱ्यांच्या .४५०च्या गोळ्या तिकडे पोचतील या भीतीने सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात या मापावर बंदी घातली. १९०७च्या सुमारास लंडनच्या बंदूकवाल्यांसमोर पेच उभा राहिला. हिंदुस्थान हे त्यांचे मोठे गिऱ्हाईक : संस्थानिक, गोरे अधिकारी, चहामळेवाले. ते सोडणे परवडणारे नव्हते. मग प्रत्येकाने .४५०ला किंचित चुकवणारे आपापले माप काढले : हॉलंड अँड हॉलंडचे .४६५, लँगचे .४७०, वेस्टली रिचर्ड्सचे .४७६, जेफरीचे .४७५ नंबर २. मार जवळपास सारखाच, आकडे तेवढे वेगळे. यातले .४७० बाकीच्यांच्या पुढे गेले आणि आफ्रिकेतल्या व्यावसायिक शिकाऱ्यांच्या दुनळीचे नेहमीचे माप होऊन बसले. आजही केप बफेलोच्या मागावर निघालेल्या मार्गदर्शकाच्या खांद्यावर .४७० दिसते, ते आपल्या उपखंडातल्या बंडाच्या धास्तीतून जन्मलेले माप आहे. फौज-पोलिसांची काडतुसे बसतील असे हत्यार खासगी हातात नको, हा विचार आपल्याकडच्या 'प्रोहिबिटेड बोअर'च्या वर्गवारीत अजून जिवंत आहे. .३०३ हे जुने फौजी माप साध्या परवान्यावर मिळत नाही, ते याच विचारामुळे.

दुनळी मात्र श्रीमंताची वस्तू. दोन नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी लागाव्यात म्हणून कारागीर त्या हाताने जुळवत बसे, आणि किंमत त्या वेळेची असे. ज्याच्याकडे तेवढे पैसे नव्हते त्याच्यासाठी जर्मनीतल्या माउझरची १८९८ची बोल्ट रायफल होती. तिच्या बोल्टवरचा लांब पोलादी पंजा काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच धरतो आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. घाईत, वाकड्यातिकड्या स्थितीत बोल्ट ओढला तरी काडतूस अडकत नाही. १९०५मध्ये बर्लिनच्या ओटो बॉकने साध्या लांबीच्या माउझरमध्ये बसेल असे ९.३ x ६२ काडतूस तयार केले. जर्मन वसाहतींतल्या शेतकऱ्याला एकाच स्वस्त रायफलीत हरणापासून हत्तीपर्यंत सगळे भागावे, हा त्यामागचा हेतू. त्याच वर्षी जेफरीचे .४०४ आले आणि पुढे पूर्व आफ्रिकेतल्या सरकारी वन्यजीव खात्यांनी ते आपल्या रक्षकांना दिले. १९११मध्ये रिग्बीचे .४१६ आले. अनेक वर्षांनी हॅरी सेल्बी या व्यावसायिक शिकाऱ्याची दुनळी गाडीखाली सापडून मोडली, तेव्हा त्याने .४१६ घेतली आणि पुढची कित्येक दशके तीच वापरली.

मग १९१२. हॉलंड अँड हॉलंडने .३७५ मॅग्नम काढले. त्याच्या पुंगळीचा आकार पाहण्यासारखा आहे. ती बुडापासून तोंडाकडे हळूहळू निमुळती होत जाते, आणि खांदा, म्हणजे गोळी धरणारी मान सुरू होते तो भाग, अगदी उतरता. असा आकार चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, सुळकन जातो आणि तितक्याच सहज बाहेर येतो. कॉर्डाइट उन्हात तापले की नळीतला दाब चढे आणि पुंगळी चेंबरला चिकटून बसे. आफ्रिकेतल्या दुपारी हा प्रश्न जिवाशी येणारा. निमुळत्या पुंगळीने तो बराचसा सोडवला. पण खांदा इतका उतरता ठेवल्यावर काडतूस चेंबरमध्ये नेमके कुठे टेकणार? त्यासाठी बुडाशी धातूचा एक पट्टा ठेवला. 'बेल्टेड मॅग्नम' हे नाव त्यावरूनच पडले.

गोळी तीन वजनांत मिळे : २३५, २७० आणि ३०० ग्रेन. ग्रॅममध्ये सांगायचे तर साधारण १५ ते साडेएकोणीस. वापरणाऱ्यांना लवकरच कळले, की वजन बदलले तरी शिकारीच्या अंतरावर नेम फारसा हलत नाही. सकाळी कुडू या मोठ्या हरणावर हलकी गोळी, दुपारी बफेलोवर जड. रायफलीवरच्या दुर्बिणीला हात लावायची गरज नाही. ३०० ग्रेनच्या गोळीची ऊर्जा साडेपाच हजार ज्यूलच्या वर जाते. धक्का .३०-०६सारख्या नेहमीच्या रायफलीच्या दुपटीच्या आसपास. हा धक्का बहुतेकांना सरावाने पेलतो. .४५० आणि त्यापुढच्या रायफलींचा धक्का तिपटीकडे जातो, आणि तिथे पुष्कळ जण बार उडायच्या आधीच डोळे मिटतात.

या गोष्टीत एक माणूस नेहमी उलट बाजूने साक्षीला बोलावला जातो : स्कॉटलंडचा डब्ल्यू. डी. एम. बेल, 'करामोजो' बेल. त्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि बरेचसे .२७५ रिग्बीने, म्हणजे ७ मिलिमीटरच्या माउझर काडतुसाने. गोळी ११ ग्रॅमची. 'बेलला जमले, मग मोठे बोअर कशाला?' असे विचारणारे आजही भेटतात. पण बेल मेलेल्या हत्तींची डोकी करवतीने उभी कापून मेंदूची जागा अभ्यासत असे, रोज नेमबाजीचा सराव करी आणि मोकळ्या रानात, शिकाऱ्याला न बुजलेल्या कळपांत वावरत असे. त्याचे यश शरीररचनेच्या ज्ञानाचे आणि लांब, जाड कवचाच्या, न वाकणाऱ्या गोळीचे होते. त्याचे अनुकरण करणाऱ्यांमागे जखमी जनावरे राहिली, आणि जखमी बफेलोचा माग दाट झाडीत कुणा दुसऱ्यालाच काढावा लागला. जनावराची तडफड आणि माग काढणाऱ्याचा जीव, दोन्ही अंगांनी हे वाईट. किमान मापाचे कायदे आले ते अशाच अनुभवांतून. बऱ्याच देशांत ती रेघ .३७५वर ओढली गेली. झिम्बाब्वेने ती ९.२ मिलिमीटरवर ठेवली, त्यामुळे बॉकचे ९.३ तिथे चालते. नामिबियात हत्ती-बफेलोसाठी किमान ५४०० ज्यूल ऊर्जा लागते.

पण .३७५ जगभर पसरले त्याचे श्रेय कायद्याइतकेच अमेरिकेला जाते. विंचेस्टरने १९३७पासून आपली मॉडेल ७० ही कारखान्यात बनलेली रायफल या मापात विकायला काढली आणि लंडनच्या कारागिराकडे न जाता आफ्रिकेला निघणे सामान्य शिकाऱ्याला शक्य झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर साम्राज्य आटले, गिऱ्हाइके गेली, आणि १९६०च्या दशकात किनॉक कंपनीने मोठ्या ब्रिटिश काडतुसांचे उत्पादन गुंडाळत आणले. .४७०, .४६५, .४१६ घरात आहेत पण त्यांत घालायला काही नाही, अशी वेळ आली. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या दुनळ्याही तेव्हाच मुक्या झाल्या. .३७५ मात्र अमेरिकेत बनत राहिले. बंदूक चांगली असून भागत नाही, काडतूस मिळाले पाहिजे, हा धडा आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांनी तेव्हा घेतला.

रिकामी जागा भरायला विंचेस्टरने १९५६मध्ये .४५८ मॅग्नम आणले. साध्या लांबीच्या रायफलीत बसावे म्हणून पुंगळी आखूड केली आणि तिच्यात दारू अक्षरशः दाबून भरावी लागली. काही काडतुसांत ती दारू घट्ट ढेकळासारखी होई, पुरती जळत नसे, आणि गोळी सांगितलेल्या वेगाने जात नसे. बफेलोसमोर हे कळणे फार वाईट. १९५९मध्ये मोझांबिकमध्ये जॅक लॉट या अमेरिकन शिकाऱ्याला बफेलोने शिंगावर घेतले. तो वाचला आणि अधिक लांब पुंगळीचे .४५८ लॉट त्याने १९७१मध्ये पुढे आणले. .४५८ विंचेस्टर पुढे सुधारले, पण तोवर त्याच्या नावाला बट्टा लागला होता.

१९६४मध्ये विंचेस्टरने खर्च कमी करण्यासाठी मॉडेल ७०मधला माउझर धर्तीचा पंजा काढून टाकला. धोकादायक जनावरांच्या शिकाऱ्यांनी ते मनाला लावून घेतले. '६४च्या आधीची आहे का?' हा प्रश्न जुन्या रायफलींच्या बाजारात अजून विचारतात. ती उणीव चेकोस्लोव्हाकियाच्या ब्रनो कंपनीने झेडकेके ६०२ या रायफलीने भरून काढली, पुढे सीझेड ५५०ने. दांडगी, लांब बोल्टची, पंजावाली, आणि मध्यमवर्गीयाला परवडेल अशी. १९८८मध्ये रेमिंग्टनचे .४१६ आले, जुन्या .४१६ रिग्बीचेही पुनरुज्जीवन झाले, आणि आज पहिल्या रायफलीसाठी .३७५ला खरा स्पर्धक कुणी असेल तर हेच माप.

दरम्यान शिकारीचा नकाशाही बदलला. केनियाने १९७७मध्ये शिकार पूर्ण बंद केली. बोत्स्वानाने २०१४मध्ये बंदी घातली आणि २०१९मध्ये उठवली. जिथे परवानगी आहे तिथे पाहुणा शिकारी एकटा नसतो. शेजारी परवानाधारक व्यावसायिक असतो, त्याच्या हातात .४५८, .४७० किंवा त्याहून मोठे हत्यार. अंगावर येणारे जनावर थांबवणे हे त्याचे काम. पाहुण्याकडून अपेक्षा एकच : पहिली गोळी शांतपणे, खांद्याच्या हाडामागे, हृदय-फुप्फुसांत. त्या गोळीसाठी .३७५ पुरते. म्हणून ज्याने महिनोन्महिने सराव केलेला नाही, त्याला मी स्वतः .४१६सुद्धा सुचवणार नाही.

कॅम्पवर पोचल्यावर पहिल्या दिवशी कागदावर चार-दोन बार काढायला लावतात. प्रवासात दुर्बीण हलली का, ते पाहायचे, असे पाहुण्याला सांगितले जाते. अनुभवी व्यावसायिक शिकारी त्या वेळी कागदाकडे कमी पाहतो. तो पाहुण्याच्या बाजूला उभा राहून घोडा ओढताना त्याच्या पापण्या मिटतात का आणि खांदा आखडतो का, ते बघत असतो.