पिट्यूटरीमुळे वयात यायला होणारा उशीर

मुलगी 13 ची झाली तरी छातीची वाढ सुरू नाही, किंवा मुलगा 14 चा झाला तरी वृषणं लहानपणीएवढीच, तर त्याला वयात यायला उशीर म्हणतात. मिसरूड आणि आवाज फुटणं नंतरचं, त्यावरून ठरवत नाहीत. बहुतेकदा, मुलग्यांत तर जास्तच, हा घराण्यातला उशीर असतो, बाबांचंही तसंच झालेलं असतं आणि पुढे सगळं आपोआप होतं. त्यामुळे इंदूरच्या रामबागेत काय नि सुदामानगरात काय, आजी सांगतेच की "आपल्याकडे सगळे उशिराच वाढतात गं". आजीचं बरेचदा खरं असतं, पण काही मुलांत गडबड मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्यूटरी ग्रंथीत असते आणि तिथे नुसती वाट बघणं महागात पडतं.

होतं असं की हायपोथॅलॅमसचा, म्हणजे पिट्यूटरीच्या वरच्या मेंदूच्या भागाचा, निरोप मिळाला की पिट्यूटरी एलएच आणि एफएसएच सोडते आणि त्यावर वृषणं किंवा अंडाशय कामाला लागतात, हे दोन हार्मोन आलेच नाहीत तर खालचं सगळं ठणठणीत असूनही बंद राहतं. कारणं बरीच, जन्मजात दोष, क्रेनिओफॅरिंजिओमासारखी गाठ, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) वाढवणारी गाठ. थॅलसेमियात, म्हणजे रक्ताच्या एका जन्मजात आजारात, सारखं रक्त चढवल्याने लोह पिट्यूटरीत साचतं, इंदूरात सिंधी वस्ती मोठी आणि त्यांच्यात हा आजार जास्त, म्हणून इथे हे माहीत असायलाच हवं. कालमन सिंड्रोममध्ये हायपोथॅलॅमसचा निरोपच येत नाही आणि मुलाला वासही येत नाही, फोडणीचा वास कळतो का एवढं तरी घरी विचारून बघाच.

डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, बाजूचं न दिसणं, रात्री उठूनउठून पाणी पिणं नि लघवीला जाणं, उंची थांबणं, यातलं काही असेल तर वयाचा हिशोब सोडा, लगेच दाखवा.

तपासणीत डाव्या मनगटाचा एक्सरे काढून हाडांचं वय बघतात, मग एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, कॉर्टिसॉल (शरीराला ताण झेलायला लागणारं हार्मोन), गरज पडली तर एमआरआय. एलएच-एफएसएच मात्र घराण्यातल्या उशिरातही कमीच येतात, म्हणून एका रिपोर्टवर निकाल लागत नाही, डॉक्टर सहा-सहा महिन्यांनी बोलावतात ते त्यासाठीच, मध्येच सोडू नका.

उपचारात मुलग्यांना टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, मुलींना आधी थोडं इस्ट्रोजेन आणि नंतर प्रोजेस्टेरॉन, डोस हळूहळू वाढवत. कॉर्टिसॉल आणि थायरॉइड दोन्ही कमी असतील तर कॉर्टिसॉलची औषधं आधी, उलटं झालं तर जिवावर बेतू शकतं. टेस्टोस्टेरॉनने शुक्रजंतू तयार होत नाहीत, पण पुढे मूल हवं झालं तर एचसीजी (एलएचसारखं काम करणारं हार्मोन) आणि एफएसएचची इंजेक्शनं असतात आणि बऱ्याच जणांना त्याचा उपयोग होतो.