खुंटीचं दार आणि बिजागरीचं दार: जुनी दारं बसवण्याआधी हा फरक ओळखा

पाडलेल्या वाड्यातून निघालेली सागवानी दारं विक्रेत्याकडे भिंतीला टेकवून ठेवलेली असतात, तेव्हा सगळी सारखीच वाटतात. जाड फळ्या, लोखंडी पट्ट्या, कडी-कोयंडा. पण त्यातलं एक दार मूळ जागी उंबऱ्यावर उभं होतं आणि दुसरं बाहीला, म्हणजे चौकटीच्या उभ्या लाकडाला, टांगलेलं होतं. घर दुरुस्त करताना पहिल्या जातीचं दार दुसऱ्यासारखं बसवलं, की ते वर्षभरात खाली बसतं, उंबऱ्याला घासतं आणि दोष बिचाऱ्या लाकडाला दिला जातो.

खुंटीच्या दाराला बिजागरी नसतेच. झडपेच्या मागच्या उभ्या कडेला खाली आणि वर एकेक गोल खुंटी काढलेली असते. खालची उंबऱ्याच्या किंवा दगडाच्या खळग्यात फिरते, वरची चौकटीच्या माथ्यावरच्या लाकडातल्या भोकात. सहा फूट उंच, दोन फूट रुंद आणि दीड इंच जाड झडप म्हणजे दीड घनफूट लाकूड. सागाचं वजन घनफुटाला साधारण १८ ते २० किलो, म्हणजे लोखंड सोडून २७ ते ३० किलो. हे सगळं वजन सरळ जमिनीत उतरतं. माथ्यावरच्या लाकडाने फक्त झडप उभी सावरायची.

बिजागरीच्या दारात तेच वजन स्क्रूंवर येतं आणि वरची बिजागरी सतत बाहेर ओढली जाते. स्थिर झडपेची ही ओढ सहा-सात किलोच असते, पण मोकळ्या टोकाला एखादं मूल लोंबकळलं की ती दुपटीच्या वर जाते. त्यात वाऱ्याने दार आपटतं ते वेगळंच. सिमेंटमध्ये बांधलेल्या विटांच्या भिंतीला याचं काही वाटत नाही. मातीत बांधलेल्या भिंतीत मात्र होल्डफास्टला (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीला) धरायला काही नसतं; चौकट हलते, कडेने भेग पडते, गिलावा सुटतो. म्हणून मातीची भिंत तशीच ठेवणार असाल तर खुंटीचं दार खुंटीवरच बसवा.

खरी फसगत खरेदीत होते. खुंटीची झडप बहुतेक वेळा चौकट जुळवतानाच आत अडकवलेली असते, त्यामुळे वाडा पाडताना मजूर सरळ खुंट्या कापून ती मोकळी करतात. मग विक्रेता तिला नव्या बिजागऱ्या ठोकतो. ओळखायचं असेल तर झडपेचे मागचे दोन्ही कोपरे बघा. तिथे करवतीचा ताजा, फिकट काप दिसेल आणि ती उभी कड चौकोनी नसून घोळलेली असेल, कारण फिरताना ती बाहीला अडू नये. उंबरा सोबत असेल तर टोकाजवळचा गोल, गुळगुळीत झालेला खळगा साक्ष देतोच.

मापातही फरक आहे. बिजागरीची झडप चौकटीच्या खाचेत बसते. खुंटीची झडप चौकटीच्या मागे, बाहीवर चढून बसते. म्हणून ती उघड्या जागेपेक्षा प्रत्येक बाजूला इंच-दीड इंच मोठी असते. ती नव्या चौकटीच्या खाचेत बसवायला कडेने तासली, की कुसू-साळीचा (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला) सांधाच कापला जातो आणि झडप खिळखिळी होते. झडप तासू नका, चौकट तिच्या मापाची करा. शक्य असेल तर दार उंबरा, बाह्या आणि गणेशपट्टीसकट विकत घ्या. दोन झडपांपैकी एकीवर मधली उभी पट्टी असते, त्यामुळे मिटण्याचा क्रम ठरलेला असतो. डावी-उजवी बदलता येत नाही.

कापलेली खुंटी परत करता येते. झडपेच्या खालच्या व वरच्या टोकातून २० मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा गज किमान १०० मिलिमीटर आत जाईल असं भोक पाडा आणि इपॉक्सीने बसवा. लाकूड रेषेत उकलतं म्हणून टोकाभोवती लोखंडी पट्टीचं कडं हवंच. खाली पोलादी वाटीत ५११०४ नंबरचं थ्रस्ट बेअरिंग (वरून येणारं वजन पेलणारं) बसवलं की वजनी झडपही हलकी फिरते. वाटी फरशीपेक्षा थोडी उंच ठेवा. लादी पुसतानाचं पाणी तिथे साचलं की बेअरिंग गंजतं, आणि जुनी लाकडी खुंटी कुजते तीही याच कारणाने.

झडप चढवताना आधी वरची खुंटी भोकात, मग झडप उचलून खालची खळग्यात. यासाठी वरचं भोक खोल लागतं: खालची खुंटी २५ मिलिमीटर आणि वर अडकायला ४० धरले तर निदान ७०. झडपेच्या माथ्यावरही २५ हून थोडी जास्त मोकळी जागा ठेवा, नाहीतर ती उचलताच येणार नाही. ही फट समोरून चौकटीआड झाकली जाते. दोन्ही भोकं ओळंब्याने एका रेषेत आणा. दोन-तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चुकलं तरी दार आपोआप उघडतं किंवा मिटतं, आणि इथे बिजागरीसारखा मागे पुठ्ठा घालून दुरुस्त करता येत नाही.

मूळच्या बिजागरीच्या दाराचं काम सोपं आहे. पाच इंची तीन बिजागऱ्या, वरची माथ्यापासून सहा-सात इंचांवर, खालची तळापासून नऊ-दहा. तिसरी मध्यभागी लावायची सवय असते, पण वजनी झडपेला ती वरचीच्या जवळ हवी, ओढ तिथेच असते. जुनी भोकं सागाच्या खुंट्या व गोंद घालून बुजवा. मुरलेला साग कडक असतो, पितळी स्क्रू त्यात मान मोडतात. आधी बारीक भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढा, शेवटी पितळी. फट एक सूत, कोकणात फणसाचं दार असेल तर दीड, कारण पावसाळ्यात ते फुगतं.

भिंत पक्की आहे आणि खुंटी परत करायचीच नाही, असं ठरलं तर साध्या बिजागरीऐवजी मागून लांब पट्टी-बिजागऱ्या लावा, आरपार बोल्टने. रंग काढताना मात्र दोन्ही जातींना एकच नियम: जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, कोरडा पॉलिशपेपर मारू नका, ओला करून घासा.